मिंधेपणाचे अर्थशास्त्र

राज्यकर्त्यांना विद्वानांची आठवण प्रकर्षाने होते ती दोन प्रसंगी : राज्य नवे असते तेव्हा, आणि राज्याला तुल्यबळ प्रतिस्पर्धी उभा राहतो तेव्हा. १८१८ साली पेशवाई बुडाली, तरी पेशव्यांकडून विद्वान ब्राह्मणांना मिळणारी दक्षिणा इंग्रजांनी एका फटक्यात बंद केली नाही. पुण्याचा शास्त्रीवर्ग नव्या राज्याला अनुकूल झाला नाही तरी निदान प्रतिकूल राहू नये, हा एल्फिन्स्टनचा त्यामागील हिशेब होता. याच दक्षिणेच्या पैशातून १८२१ साली विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे १८४९ च्या सुमारास काही सुधारकांनी या निधीचा एक भाग मराठी ग्रंथरचनेकडे वळवावा असा अर्ज केला, तेव्हा सनातनी मंडळींत मोठा क्षोभ माजला आणि जोतीराव फुले अर्जदारांच्या पाठीशी उभे राहिले. पैसा तोच होता, दाताही तोच होता. भांडण होते ते हा पैसा कोणत्या विद्येच्या आणि कोणाच्या प्रश्नांच्या कामी यावा, याचे.

विद्वानांच्या मनधरणीचा विचार करताना हा जुना प्रसंग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कारण या विषयाची चर्चा बहुधा ‘कोण विकला गेला’ या एकाच प्रश्नाभोवती फिरते आणि तेवढ्यावरच संपते. चारदोन नावे घेऊन त्यांना शिव्या घातल्या की कर्तव्य पार पडल्याचे समाधान मिळते. वस्तुतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिका आणि सोव्हिएत युनियन या दोन महासत्तांनी जगभरच्या लेखक-विचारवंतांची जी मनधरणी केली, तिचा इतिहास याहून कितीतरी गुंतागुंतीचा आहे. आणि समाजवादी चळवळीला तो दुरून, तटस्थपणे पाहता येण्यासारखा नाही. त्या इतिहासात तिची स्वतःची माणसे आहेत.

दुसरे महायुद्ध संपून तीन वर्षेही झाली नव्हती, तोच ही स्पर्धा सुरू झाली. १९४८ च्या ऑगस्टमध्ये पोलंडमधील व्रोत्सवाफ येथे बुद्धिमंतांची जागतिक परिषद भरली. शांततेच्या नावाने भरलेल्या या परिषदेत सोव्हिएत लेखक संघाचे प्रमुख फादेयेव यांनी पश्चिमेकडील नामवंत लेखकांना कोल्ह्या-तरसांच्या पंक्तीला बसविले. १९४९ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ हॉटेलात आणि एप्रिलमध्ये पॅरिस येथे अशाच परिषदा झाल्या. शांतता ही युद्धाने होरपळलेल्या माणसांची खरीखुरी भूक होती आणि त्या भुकेचा उपयोग मॉस्कोने करून घेतला. अमेरिकेचे उत्तर १९५० च्या जूनमध्ये बर्लिनमध्ये मिळाले. २६ जून रोजी तेथे सांस्कृतिक स्वातंत्र्य परिषदेचे, म्हणजे ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’चे, अधिवेशन सुरू झाले. कोरियातील युद्धाला आदल्याच दिवशी तोंड लागले होते. आर्थर कोस्लर, इग्नात्सिओ सिलोने, सिडनी हूक यांसारखी माणसे त्या व्यासपीठावर होती. यांतील बहुतेकांनी कम्युनिझम आतून पाहिलेला होता. स्टॅलिनच्या छळछावण्यांविषयी ते जे बोलत होते ते खरे होते.

हे व्यासपीठ पुढे सतरा वर्षे टिकले. त्याच्या भरभराटीच्या काळात ३५ देशांत त्याच्या कचेऱ्या होत्या आणि वीसहून अधिक नियतकालिके त्याच्या आश्रयाने निघत होती. लंडनचे ‘एन्काउंटर’ हे त्यांतील सर्वांत नामांकित. १९५३ साली स्टीफन स्पेंडर आणि आयर्व्हिंग क्रिस्टॉल यांच्या संपादकत्वाखाली ते सुरू झाले. या साऱ्या पसाऱ्याचा खर्च काही उदार धर्मादाय न्यास उचलतात, असे सांगितले जाई. प्रत्यक्षात त्यांतील मुख्य न्यास, फारफिल्ड फाउंडेशन, हा सी.आय.ए. या अमेरिकेच्या गुप्तचर संघटनेचा पैसा पोहोचविणारा नळ होता, आणि परिषदेचा पॅरिसमधील कारभार पाहणारे मायकेल जोसेल्सन हे त्या संघटनेचेच माणूस होते.

यात एक गोष्ट समाजवाद्यांनी नीट समजून घ्यावयास हवी. भांडवलशाहीचे उघड समर्थक या संघटनेला फारसे नको होते. त्यांचा युरोपच्या किंवा आशियाच्या तरुणांवर काडीचाही परिणाम झाला नसता. तिला हवे होते ते कम्युनिस्टेतर डावे : समाजवादी, कामगार संघटनांचे नेते, स्टॅलिनला कंटाळलेले माजी कम्युनिस्ट, वसाहतवादाविरुद्ध तुरुंगवास भोगलेले स्वातंत्र्यसैनिक. ज्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शत्रूलाही शंका घेता येणार नाही, अशांच्याच शब्दाला बाजारात किंमत होती. म्हणूनच या व्यवहारात प्रामाणिक माणसे अडकली. किंबहुना, ती प्रामाणिक होती म्हणूनच अडकली.

भारतात याचा प्रारंभ मुंबईत झाला. १९५१ च्या मार्चअखेर येथे परिषदेचे अधिवेशन भरले. मूळ बेत दिल्लीचा होता. परंतु अलिप्ततेचे धोरण आखणाऱ्या नेहरू सरकारला ते राजधानीत भरणे रुचले नाही. ऑडन आणि स्पेंडर हे कवी, हर्मन मुल्लर हे नोबेल पारितोषिक विजेते शास्त्रज्ञ त्यासाठी मुंबईस आले. येथील संघटनेचे सूत्रधार होते मिनू मसानी. १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्षाच्या स्थापनेत ज्यांचा वाटा होता आणि १९५९ नंतर जे स्वतंत्र पक्षाचे एक प्रमुख नेते झाले, तेच हे मसानी. आणि परिषदेच्या जागतिक मानद अध्यक्षांत बर्ट्रांड रसेल, कार्ल यास्पर्स यांच्या जोडीने पुढे जे नाव आले, ते होते जयप्रकाश नारायण यांचे. १९५५ साली मुंबईहून ‘क्वेस्ट’ हे इंग्रजी नियतकालिक निघाले. त्याचे पहिले संपादक निस्सीम इझिकेल. इंग्रजीतून लिहिणाऱ्या भारतीय कवींची आणि समीक्षकांची एक पिढी या नियतकालिकाने घडविली. महाराष्ट्रात बुद्धिप्रामाण्यवादाची चळवळ ज्यांनी नेटाने चालविली आणि हमीद दलवाई यांच्यामागे जे उभे राहिले, ते अ. भि. शहा यांचेही कार्य दीर्घकाळ याच संघटनेशी निगडित होते.

यांपैकी कोणी अमेरिकेचा हस्तक होता, असे म्हणणे हे शुद्ध असत्य होय. जयप्रकाशांनी १९५६ साली हंगेरीत रशियन रणगाडे शिरले तेव्हा नेहरूंच्या मवाळ भूमिकेवर टीका केली, ती कोणाच्या सांगण्यावरून नव्हे. बहुसंख्यांना पैशाचा खरा उगम ठाऊक नव्हता, असेच मानण्यास जागा आहे. तथापि प्रश्न येथे मिटत नाही, सुरू होतो.

१९६६ च्या एप्रिलमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने आणि १९६७ च्या प्रारंभी ‘रॅम्पार्ट्स’ या मासिकाने या गुप्त अर्थपुरवठ्याला वाचा फोडली. मे महिन्यात सी.आय.ए.चे एक माजी अधिकारी टॉम ब्रेडन यांनी आपण हे सारे केले आणि त्याचा आपल्याला अभिमानच वाटतो, असे जाहीरपणे लिहिले. १३ मे १९६७ रोजी पॅरिसमध्ये परिषदेची सर्वसाधारण सभा भरली. तिच्या अध्यक्षस्थानी मसानी होते, आणि तीत जोसेल्सन यांनी कबुली दिली. स्पेंडर यांनी ‘एन्काउंटर’ सोडले. संस्था स्वतंत्रपणे वागत होती एवढे म्हणून भागणार नाही, देणाऱ्याने दिले ते त्याला उपयुक्त वाटले म्हणूनच, अशा आशयाची प्रतिक्रिया जयप्रकाशांनी व्यक्त केली. तीन दशकांनंतर, १९९९ साली, फ्रान्सिस स्टोनर साँडर्स यांनी या सर्व प्रकरणाचा विस्तृत इतिहास लिहिला. त्यात भर पुष्कळ पडली, पण जयप्रकाशांनी ओळखलेले मर्म बदलले नाही.

दुसऱ्या बाजूचा हिशेबही तितक्याच स्पष्टपणे मांडला पाहिजे. मॉस्कोचे ‘प्रगती प्रकाशन’ अत्यल्प किमतीत ग्रंथ पुरवीत होते, आणि खेड्यापाड्यांतील कित्येक कार्यकर्त्यांनी गॉर्की आणि टॉल्स्टॉय वाचले ते याच पुस्तकांतून. हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. १९६१ साली अण्णाभाऊ साठे रशियाला जाऊन आले आणि त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. ज्या माणसाला स्वतःच्या देशाने झोपडपट्टीत ठेवले, त्याचे तेथे लेखक म्हणून स्वागत झाले, याची लाज वाटावयास हवी होती ती येथील समाजाला. साठीच्या दशकाच्या मध्यापासून ‘सोव्हिएत लँड नेहरू पुरस्कार’ दिला जाऊ लागला, रोख रक्कम आणि रशियाचा दौरा त्याला जोडलेला असे. परंतु परदेशी लेखकांना हार घालणाऱ्या याच राजवटीने १९५८ साली पास्तरनाक यांना नोबेल पारितोषिक नाकारावयास भाग पाडले, आणि १९६६ च्या फेब्रुवारीत सिन्याव्हस्की व डॅनिएल या दोन लेखकांना, त्यांनी आपले लेखन परदेशात छापले म्हणून, अनुक्रमे सात व पाच वर्षांची सक्तमजुरी दिली. ज्यांनी पुरस्कार घेतले त्यांपैकी किती जणांनी या शिक्षांविरुद्ध तोंड उघडले? ही यादी फार छोटी आहे.

पास्तरनाक यांच्या कादंबरीची आणखी एक कथा आहे. ‘डॉक्टर झिवागो’ची रशियन आवृत्ती सी.आय.ए.ने गुपचूप छापून घेतली आणि १९५८ साली ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात आलेल्या सोव्हिएत नागरिकांच्या हाती पोहोचविली. २०१४ साली खुल्या झालेल्या कागदपत्रांवरून हे निर्विवाद सिद्ध झाले. कादंबरी थोर होती. तिच्यावरील बंदी अन्यायाची होती. तिचा प्रसार करणाऱ्यांचा हेतू वाङ्मयीन नव्हता. ही तिन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. ज्याला हे एकत्र पेलत नाही, तो या विषयावर एका गोटाचा प्रचारक म्हणूनच बोलणार.

मग पैशाने विकत घेतले जाते ते काय? ‘एन्काउंटर’मध्ये अमेरिकेवर टीका येत नसे असे नाही. परंतु १९५८ साली ड्वाइट मॅकडोनाल्ड यांनी अमेरिकन जीवनावर टीका करणारा एक जळजळीत लेख लिहिला, तेव्हा त्या मासिकाने तो छापला नाही. हेच मॅकडोनाल्ड काही काळ त्या मासिकाच्या संपादकवर्गात होते. असे उघड नकाराचे प्रसंग थोडेच, कारण त्यांची गरज क्वचितच पडते. माणूस स्वतःच आपले विषय निवडू लागतो. पूर्व युरोपातील लेखकांवरील अन्यायावर सहा लेख लिहिणाऱ्याला ग्वाटेमालावर एकही लिहावासा वाटत नाही. त्याने खोटे काही लिहिलेले नसते. न लिहिलेल्याचा हिशेब कोणी मागत नाही, इतकेच. पैसा उत्तरे क्वचितच विकत घेतो. त्याची पोहोच प्रश्नांपर्यंत असते.

अर्थशास्त्रात ही गोष्ट अधिक स्वच्छ दिसते, आणि तेथे गुप्तचरांचीही आवश्यकता लागत नाही. फोर्ड फाउंडेशनने अमेरिकेबाहेरील आपली पहिली कचेरी १९५२ साली नवी दिल्लीत उघडली. डग्लस एन्स्मिंगर हे १९७० पर्यंत तिचे प्रमुख होते आणि पंतप्रधानांपर्यंत त्यांची थेट ऊठबस होती. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या समाजविकास योजनेला फोर्डचे साहाय्य होते. पुढे १९५९ साली फोर्डने आणलेल्या तज्ज्ञांनी भारताच्या अन्नसंकटावर अहवाल दिला आणि त्यातून १९६०-६१ पासून सघन शेती जिल्हा कार्यक्रम आला. निवडक जिल्ह्यांत बियाणे, खते, कर्ज आणि सल्ला एकवटून उत्पादन वाढवावे, अशी ही कल्पना. महाराष्ट्रातील भंडारा जिल्हा या कार्यक्रमात होता. यात लपवाछपवी काही नव्हती. हेतूही वाईट म्हणता येणार नाही, कारण देशाला धान्य हवेच होते. परंतु चीनमध्ये जमिनीच्या प्रश्नावर क्रांती होऊन जेमतेम दहा वर्षे झाली होती, आणि भारतातील शेतीचा प्रश्न हा मुख्यतः तंत्राचा व उत्पादनाचा प्रश्न आहे अशी त्याची मांडणी होणे, हे कोणाच्या सोयीचे होते हे सांगावयास नको.

याच ठिकाणी एका माणसाचा उल्लेख अगत्याने केला पाहिजे. वुल्फ लाडेजिन्स्की हे फोर्डचेच सल्लागार होते. जपानमधील जमीनसुधारणांत त्यांचा मोठा वाटा होता आणि ते कट्टर कम्युनिस्टविरोधीही होते. नियोजन आयोगासाठी त्यांनी सघन कार्यक्रमातील पाच जिल्ह्यांची पाहणी केली आणि स्वच्छ सांगितले की, कुळाला जमिनीची शाश्वती नाही, खंड भरमसाट आहे, आणि अशा स्थितीत खताच्या पोत्याने त्याचे भले व्हावयाचे नाही. म्हणजे पैसा घेणाऱ्यांतला माणूसही खरे बोलू शकतो. त्याचे खरे बोलणे अहवालात छापले गेले. कार्यक्रम मात्र आखलेल्या वाटेनेच चालत राहिला. मिंधेपणा व्यक्तीच्या स्वभावात शोधणारे येथे चुकतात. तो असतो अनुदानाच्या रचनेत. कशाची मोजणी करावयाची, कोणत्या कामासाठी दुसऱ्या वर्षीचा हप्ता मिळावयाचा, हे आधीच ठरलेले असते.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेच्या आंतरराष्ट्रीय अभ्यास केंद्राचे उदाहरण याच मालिकेतील. या केंद्राचा भारतविषयक प्रकल्प फोर्डच्या पैशावर दिल्लीत नियोजनकारांच्या शेजारी काम करीत होता. मूळ केंद्र मात्र प्रारंभी सी.आय.ए.च्या पैशावर उभे राहिले होते, आणि त्याचे संचालक मॅक्स मिलिकन हे त्याआधी त्या संघटनेत अधिकारी होते. १९६४ साली ही माहिती बाहेर आल्यावर त्या अर्थशास्त्रज्ञांचे येथील काम अशक्य होऊन बसले. त्यांपैकी ज्यांनी मनापासून अभ्यास केला त्यांचाही अभ्यास संशयात बुडाला. गुप्त पैशाचा हा सर्वांत मोठा अपराध होय : तो प्रामाणिक माणसाकडून त्याचा प्रामाणिकपणा सिद्ध करण्याचे साधनच काढून घेतो.

याच्या उलट चित्र त्याच दशकात कलकत्त्याला दिसत होते. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या तयारीच्या काळात महालनोबीस यांनी भारतीय संख्याशास्त्र संस्थेत जगभरचे अर्थशास्त्रज्ञ बोलावले. पोलंडचे ऑस्कार लांगे आले, फ्रान्सचे बेतेलहाइम आले, नॉर्वेचे फ्रिश आले, अमेरिकेचे गालब्रेथ आले. १९५५ साली मिल्टन फ्रीडमन यांनीही भारत सरकारला टिपण लिहून दिले, आणि त्याच वर्षी बी. आर. शेणॉय यांची भिन्नमतपत्रिका योजनेच्या कागदपत्रांत छापली गेली. त्या योजनेचे गुणदोष काहीही असोत, पाहुणे दोन्ही गोटांतले होते आणि प्रश्न यजमानाचा होता. दोन धनाढ्य एकमेकांवर कुरघोडी करू पाहत असतील, तर गरीब देशाला त्यातून आपले काम साधता येते; मात्र आपले काम कोणते हे त्याला ठाऊक असले पाहिजे.

खासगी न्यास हे सरकारपासून स्वतंत्र असतात, हा समजही तपासून पाहावयास हवा. अमेरिकी सिनेटच्या चर्च समितीने १९७६ साली दिलेली आकडेवारी येथे पुरेशी बोलकी आहे. १९६३ ते १९६६ या चार वर्षांत १६४ न्यासांनी दिलेल्या, दहा हजार डॉलरवरील सुमारे ७०० अनुदानांपैकी निदान १०८ अनुदानांत सी.आय.ए.चा पैसा अंशतः वा पूर्णतः होता. यात फोर्ड, रॉकफेलर आणि कार्नेगी हे तीन मोठे न्यास धरलेले नाहीत. उरलेल्या न्यासांच्या आंतरराष्ट्रीय कार्यासाठीच्या अनुदानांपुरते पाहिले, तर हे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर जाते. गुप्त पुरवठा उघडकीस आल्यावर सांस्कृतिक स्वातंत्र्य परिषदेचा खर्च फोर्ड फाउंडेशनने उचलला आणि नव्या नावाने ती संस्था १९७९ पर्यंत चालली. १९८३ साली अमेरिकेने ‘नॅशनल एन्डाउमेंट फॉर डेमॉक्रसी’ काढून, पूर्वी चोरून होत असलेल्या कामातील बरेचसे उघडपणे करण्याचा मार्ग पत्करला. चीननेही २००४ पासून परदेशी विद्यापीठांतून कन्फ्यूशियस संस्था उघडल्या. स्पर्धक बदलतात, विद्यापीठाच्या दारातील गर्दी कायम राहते.

भारत सरकारने या साऱ्यावर काय उपाय केला? १९६७ साली एशिया फाउंडेशनने सी.आय.ए.चा पैसा घेतल्याचे मान्य केले. १९६८ साली भारताने तिला येथून जाण्यास सांगितले. ते योग्यच झाले. १९६९ साली भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले अध्यक्ष आणि जे. पी. नाईक तिचे सचिव होते. देशाचा पैसा, देशाचे प्रश्न आणि संशोधकांची स्वायत्तता अशी ती कल्पना होती. परंतु १९७६ साली, आणीबाणीच्या अंधारात, परकीय देणग्या नियंत्रण कायदा आला आणि तेव्हापासून या प्रश्नाला वेगळेच वळण लागले. परकीय पैशाची भीती दाखवून स्वकीय विरोधकाला वेसण घालणे हा त्याचा मुख्य उपयोग ठरला. १९८२ साली इंदिरा सरकारने कुदाल आयोग नेमला तो गांधी शांती प्रतिष्ठान आणि सर्वोदयी संस्थांच्या चौकशीसाठी, म्हणजे जयप्रकाशांच्या मागे उभ्या राहिलेल्यांना धडा शिकविण्यासाठी. २०१० साली कायदा नव्याने आला, २०२० साली तो अधिक आवळला गेला. एका संस्थेने दुसरीला परकीय देणगीचा वाटा देण्यास बंदी झाली, आणि प्रशासनावरील खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. १९७३ पासून दिल्लीत धोरणांचा अभ्यास करणाऱ्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चची परवानगी २०२३ च्या फेब्रुवारीत स्थगित आणि २०२४ च्या जानेवारीत रद्द झाली.

हे सारे राष्ट्रहितासाठी असेल, तर राजकीय पक्षांना वेगळा न्याय का? २०१४ साली दिल्ली उच्च न्यायालयाने काँग्रेस आणि भारतीय जनता पक्ष या दोघांनीही परकीय देणग्यांचा कायदा मोडल्याचे म्हटले. त्यावर उपाय म्हणून २०१६ आणि २०१८ च्या वित्त विधेयकांतून कायद्यातील व्याख्याच बदलण्यात आली, आणि तीही थेट १९७६ सालापासून लागू होईल अशी. निवडणूक रोख्यांची अपारदर्शक व्यवस्था सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरविली तेव्हा कोठे थोडा उजेड पडला. संशोधकाच्या टाचणीचा हिशेब मागणारे सरकार पक्षाच्या थैलीकडे पाठ फिरवते, यातच या देशभक्तीचे मोजमाप आहे.

शिवाय मनधरणी करणारे नेहमी परदेशीच असतात असे थोडेच आहे? १९७५ च्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष होते, आणि अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी आणीबाणीचा निषेध केला. राजाश्रयाच्या मांडवात उभे राहून राजाला सुनावणारी ती एकटी बाई होती, याचा अर्थ त्या मांडवात बाकीचे गप्प होते. याच काळात मसानींच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ने सेन्सॉरविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि १९७६ साली ती जिंकली. ज्या गोताला परकीय पैशाचा डाग लागला होता, त्यातील एक पत्र स्वातंत्र्यासाठी लढले, आणि ज्यांचा पैसा संपूर्ण स्वदेशी होता अशा अनेकांनी मान तुकविली. २०२२ च्या डिसेंबरात महाराष्ट्र शासनाने कोबाड गांधी यांच्या पुस्तकाच्या मराठी अनुवादाला जाहीर झालेला पुरस्कार काही दिवसांतच काढून घेतला आणि निवड समितीही बरखास्त केली, तेव्हा काही लेखकांनी निषेध म्हणून आपले पुरस्कार परत केले. त्यांनी मराठी साहित्याची अब्रू राखली.

तेव्हा परकीय पैसा वाईट आणि देशी पैसा चांगला, सरकारी पैसा वाईट आणि खासगी पैसा चांगला, अशी सोपी विभागणी टिकणारी नाही. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. १९२० साली ‘मूकनायक’ निघाले तेव्हा शाहू छत्रपतींनी अडीच हजार रुपये दिले. दोन्ही पैसे संस्थानिकांचे होते. ते लपविलेले नव्हते, आणि त्यांनी बाबासाहेबांचा प्रश्न बदलला नाही. तो प्रश्न त्यांनी स्वतःबरोबर आणला होता. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली रावबहादूर काळे यांच्या देणगीतून भारत सेवक समाजाने उभारली, आणि गाडगिळांनी वाई तालुक्यातील शेतीची आणि पुणे शहराची पाहणी केली. हे विषय वॉशिंग्टनला वा मॉस्कोला सुचण्यासारखे नव्हते.

यातून निघणारी कसोटी साधी आहे. पैसा कोणाचा, हे काम सुरू होण्यापूर्वी जाहीर झाले पाहिजे, पत्रकारांनी उकरून काढल्यानंतर नव्हे. प्रश्न घेणाऱ्याचा असला पाहिजे. आणि देणाऱ्याविरुद्ध लिहिण्याची मुभा कागदावर असणे पुरेसे नाही. तसे कधी लिहिले गेले आहे काय, हे पाहिले पाहिजे. कंपनी कायद्याच्या २०१३ च्या तरतुदीनंतर मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यासाठी खर्च करावे लागतात, आणि त्यांतील काही ओघ शिक्षणाकडे व समाजकार्याकडे वळलेला आहे. कामगारांच्या हक्कांवर, जमीन संपादनावर, खाणींवर अभ्यास करणारा किती पैसा त्यात आहे, हे चळवळीने विचारावयास हवे. एखाद्या संस्थेच्या अहवालांच्या यादीत काय आहे यापेक्षा काय नाही, हे वाचण्याची सवय कार्यकर्त्यांनी लावून घेतली पाहिजे.

आणि शेवटी, चळवळीने स्वतःच्या विचारवंतांचा भार उचलण्याचा प्रश्न राहतोच. चाळीस-पन्नासच्या दशकांतील समाजवादी बुद्धिमंत परिषदेच्या व्यासपीठाकडे का ओढले गेले? स्टॅलिनशाहीविषयी त्यांना जे बोलावयाचे होते ते बोलण्यासाठी त्यांच्या पक्षाकडे ना मासिक होते, ना प्रवासखर्च, ना ग्रंथालय. जे चळवळीने द्यावयास हवे होते ते दुसऱ्याने दिले. आजही कार्यकर्ते विचारवंतांवर परकीय पैशाचे आरोप ऐकतात, क्वचित स्वतःही करतात. परंतु अभ्यासवर्गासाठी वर्गणी काढावयाची वेळ आली की हात आखडतात. कामगार संघटनेच्या वर्गणीतून एका तरुण संशोधकाला वर्षभर गिरणगावाच्या किंवा ऊसतोडणी मजुरांच्या पाहणीसाठी पोसता येईल, एवढी शक्ती अजून अनेक संघटनांत आहे. पन्नास रुपयांच्या हजार वर्गण्या गोळा करणे हे पन्नास हजारांचे अनुदान मिळविण्यापेक्षा कष्टाचे काम आहे, यात शंका नाही. पण त्या हजार माणसांना आपला प्रश्न अभ्यासात आला की नाही हे विचारण्याचा हक्क मिळतो, आणि अभ्यासकाला उत्तर द्यावे लागते ते त्यांना.